हातात गळ, गळ्यात दुर्बीण : कोकणातल्या खाडीवर जाणाऱ्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत घरातले सगळे गावी जमतात. कुणीतरी माळ्यावरची गरी काढतं, कुणीतरी नवा कॅमेरा घेऊन आलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खी वरात खाडीवर निघते. अशा सहलीआधी जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या खाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. धरणाच्या पाण्यावर जाणार असाल तर भरती-ओहोटीचा भाग सोडून द्या, बाकी बरंच चालेल.

गरवणं (गळाने मासे पकडणं) आणि पक्षी बघणं एकाच सहलीत जमतं का?

जमतं, आणि नुसतं पक्षी बघायला गेलेल्यांपेक्षा चांगलं जमतं. पक्षी बघणारा माणूस सारखा हलतो. दिसलं की पुढे सरकतो, हात उंचावून दाखवतो. गळ टाकून बसलेला माणूस मात्र तास-दीड तास एका जागी गप्प असतो. खाडीवरच्या पक्ष्यांना अशा माणसाची सवय असते. ढोकरी चार हातांवर येऊन उभी राहते, तुतवार शेपटी खालीवर करत पायांजवळून निघून जातो. त्यामुळे फोटो काढणाऱ्याने गरवणाऱ्याच्या शेजारी बसावं, त्याच्यापासून लांब झुडपात लपू नये.

घोळ होतो तो दोनच गोष्टींनी. एक, मासा लागला की होणारा आरडाओरडा. दुसरं, ब्लूटूथ स्पीकर. पहिल्याला माफी आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते मार्च. उत्तरेकडून येणारे चिखल्या, तुतवार, कोरल हे किनाऱ्यावरचे पाहुणे ऑगस्टच्या शेवटापासूनच उतरायला लागतात, पण तेव्हा खाडीचं पाणी पावसाने गढूळ आणि ओढीचं असतं. नोव्हेंबरपासून पाणी निवळतं आणि कुरव (सीगल) पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. एप्रिलमध्ये बरेचसे पाहुणे परतीला लागतात. जायच्या आधी त्यातल्या काहींच्या अंगावर विणीचा तांबूस रंग चढलेला असतो. तो बघायचा तर मार्चअखेर गाठा.

डिसेंबरात जाणाऱ्यांनी घरी एकदा विचारून घ्यावं : मार्गशीर्षातल्या गुरुवारी पकडलेला मासा चुलीवर चढेलच असं नाही.

दिवस कोणता निवडावा? भरतीची वेळ कशी काढायची?

या पानावरचं सर्वात कामाचं उत्तर हेच आहे. खाडीवर घड्याळ सूर्याचं नसतं, पाण्याचं असतं. मासाही त्यावर चालतो आणि पक्षीही.

जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. षष्ठीला साडेचार. पौर्णिमा किंवा अमावस्येला सव्वाअकरा. ही वेळ दुपारचीही आणि रात्रीचीही, कारण दिवसात दोन भरत्या येतात. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. हा ढोबळ हिशेब आहे. खाडीच्या मुखापासून आत जाल तसतशी वेळ लांबते, आणि अचूक आकडा मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळतो. पण सुट्टीचं आरक्षण करताना कॅलेंडरवरची तिथी पाहून निर्णय घ्यायला हा हिशेब पुरतो.

आता यातून दिवस कसा निवडायचा? गरवणाऱ्याला हवी असते चढती भरती, विशेषतः तिचे शेवटचे दोन तास आणि पाणी फिरल्यानंतरचा थोडा वेळ. चिखलातले पक्षी ओहोटीला दूरवर पसरलेले असतात, कॅमेऱ्यात ठिपक्याएवढे येतात. पाणी चढू लागलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि तेच पक्षी पावलापावलाने तुमच्या दिशेने ढकलले जातात. म्हणजे चढती भरती दोघांनाही हवी. फोटोसाठी वर कोवळं ऊनही हवं.

हे सगळं जुळतं द्वादशी-त्रयोदशीला. सकाळी नऊ-पावणेदहाला भरती पूर्ण, म्हणजे साडेसहा ते नऊ हा सगळा वेळ चढत्या पाण्याचा आणि तिरप्या उन्हाचा. दुपारी सव्वातीन-चारला ओहोटी, जेवून झोपायला मोकळे. चार ते साडेसहा पुन्हा चढतं पाणी आणि संध्याकाळचा उजेड. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी, चिखल फारसा उघडा पडत नाही, पण मुलांना घेऊन होडीत बसायला तेच पाणी बरं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात ओढ जोराची असते, नवख्यांनी खडकावर उभं राहून गरवू नये.

एकादशी मुद्दाम सुचवलेली नाही. आजीला विचारा.

जागा कोणत्या?

गावची खाडी असेल तर तीच. नसेल तर तारकर्ली-देवबागची कर्ली खाडी, आचऱ्याची खाडी, रत्नागिरीजवळची भाट्ये खाडी, आंजर्ले, आणि सावित्रीच्या मुखाशी बाणकोट-वेळास. वेळास हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनासाठी प्रसिद्ध झालेलं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं.

एक जागा लोक विसरतात : फेरीबोटीचा धक्का. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले फेरीची वाट बघत अर्धा तास नुसतं उभं राहायचं असतं. तेवढ्यात ब्राह्मणी घारी, सुरय, कुरव, खडकावर पंख वाळवणारे पाणकावळे असं सगळं समोरून जातं. कॅमेरा डिकीत ठेवू नका.

होडी करावी की काठावर बसावं?

पहिल्या दिवशी काठावर. बांध, धक्का किंवा पुलाजवळची खडकाळ जागा बघा. दुसऱ्या दिवशी दोन तासांची होडी करा आणि आदल्या संध्याकाळी होडीवाल्याशी बोलून ठेवा, की नुसतं फिरायचं नाही, गरवायचं आहे आणि मध्ये इंजिन बंद करून थांबायचं आहे. इंजिन चालू असताना पक्षी एवढे बिचकत नाहीत, जेवढे ते इंजिनाचा आवाज अचानक बदलल्यावर बिचकतात. म्हणून लांबूनच वेग कमी करून, मग इंजिन बंद करून, वाहत्या पाण्याबरोबर होडी सरकू देणं उत्तम. चांगल्या होडीवाल्याला हे सांगावं लागत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्या काकांनीसुद्धा.

नक्की कोणते पक्षी दिसतील?

बगळे, ढोकरी, पाणकावळे, घारी, तुतवार हे दिसणारच. पण खाडीची खरी मजा खंड्यांमध्ये आहे. एका सकाळी चार-पाच जातींचे खंड्या दिसू शकतील अशा जागा थोड्याच असतात. ओळखायला असं बघा.

सगळ्यात छोटा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, पोट नारिंगी आणि पाठ चमकदार निळी, पाण्यालगत बाणासारखा जाणारा : तो साधा छोटा खंड्या. डोकं आणि पोट तपकिरी, छाती पांढरीशुभ्र, तारेवर बसून कर्कश ओरडणारा तो नेहमीचा खंड्या. तो शेतातही दिसतो, कारण त्याला मासेच हवेत असं नाही, टोळ आणि सरडेही चालतात. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि तिथूनच खाली सूर मारतो. फोटोला सर्वात सोपा तोच. डोक्यावर काळी टोपी, मानेला पांढरा पट्टा, पाठ जांभळट निळी आणि चोच लाल असेल तर तो काळ्या टोपीचा खंड्या. तो दिसला की समजावं आपण कांदळवनाजवळ (खारफुटीजवळ) आहोत. आणि कबुतराएवढा थोराड, भली मोठी लाल चोच घेऊन सावलीत बसलेला दिसला तर घोंग्या खंड्या. निळसर हिरवी पाठ, पांढरं पोट, काळपट चोच असा एक सहावाही आहे. त्याची पश्चिम किनाऱ्यावरची वस्ती रत्नागिरीपासून दक्षिणेकडे केरळपर्यंत सांगतात. तो दिसला तर दिवस सत्कारणी लागला.

शिकारी पक्ष्यांत तीन नावं लक्षात ठेवा. ब्राह्मणी घार विटकरी, डोकं-छाती पांढरी. ती पाण्यावर तरंगणारं काहीतरी अलगद उचलते, पाण्यात बुडी मारत नाही. कैकर पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडतो आणि मासा तोंडाच्या बाजूने पुढे धरून उडतो. त्याच्या डोळ्यांवरून काळा पट्टा जातो. समुद्री गरुड या दोघांपेक्षा मोठा, खालून पांढरा, शेपूट पाचरीसारखी, आणि घिरट्या घालताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. पिल्लं मात्र ब्राह्मणी घार आणि समुद्री गरुड दोघांचीही तपकिरीच दिसतात, त्यावरून घरात वाद होऊ देऊ नका.

पक्ष्यांवरून मासा कुठे आहे ते कळतं का?

बऱ्याचदा कळतं. सुरय एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असतील तर तिथे बारीक माशांचा थवा वर आलेला असतो, आणि त्याच्याखाली त्याला खाणारा मोठा मासा असण्याची शक्यता असते. खाडीच्या काठाने बगळे एका रांगेत उभे असतील तर तिथे पाणी उथळ आहे, गळ पुढे टाकावा लागेल. मुखाशी पुळणीवर राखाडी-काळा समुद्री बगळा पंख अर्धवट उघडून धावत असेल तर लाटेबरोबर बारीक मासळी आत येते आहे. जुनी माणसं हे सगळं न बोलता बघत असतात. "पाणी भरतीक लागला," असं आजोबा म्हणतात तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलेलं नसतं.

दुर्बीण कोणती घ्यावी?

आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्यावर उजेड ठरतो. होडीत दहापट किंवा त्याहून जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण नको, हाताचा थरथराटही तितकाच मोठा होतो. पैसे मर्यादित असतील तर आधी दुर्बीण घ्या, लेन्स नंतर.

कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवावं?

होडीत ट्रायपॉड उभा करू नका, तो इंजिनाचा हादरा थेट कॅमेऱ्यात पोचवतो. कॅमेरा हातात, कोपर अंगाला टेकवलेलं. काठावर असाल तर तांदूळ भरलेली छोटी पिशवी दगडावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. परत आल्यावर तांदूळ वापरता येतात.

४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स असेल तर बसलेल्या पक्ष्याला होडीतून शटर किमान १/१००० सेकंद, उडत्या घारीला १/१६००, सूर मारणाऱ्या सुरय किंवा कवड्या खंड्याला १/२५०० किंवा जास्त. छिद्र (अॅपर्चर) शक्य तितकं मोठं, आयएसओ ऑटोवर सोडा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला फोटो येत नाही. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, आणि पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर ती चालू करा.

खरी अडचण उजेडाची असते. काळ्याशार कांदळवनासमोर पांढरा बगळा उभा असतो. कॅमेरा सगळी चौकट बघून ठरवतो की अंधार आहे आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या डागासारखी जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर वजा दोन-तृतीयांश ते वजा एक करा. उलट झगझगीत आकाशासमोर पाणकावळा असेल तर अधिक एक. ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं आणि अंग विटकरी, तिथे डोक्याचा विचार करा.

दहानंतर चिखलावरची हवा तापून थरथरते. तेव्हा लांबच्या पक्ष्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सने मऊच येणार. कॅमेरा बंद करा, गळ हातात घ्या.

आणि शक्य तितकं खाली बसा. उभ्याने काढलेल्या तुतवाराच्या फोटोत नुसता चिखल दिसतो. पाण्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत त्याच्यामागे धूसर खाडी येते. चड्डी खराब होईल, होऊ द्या.

फक्त मोबाइल आहे. चालेल?

चालेल. मोबाइलची लेन्स दुर्बिणीच्या एका डोळ्याला टेकवा आणि काळं वर्तुळ नाहीसं होईपर्यंत थोडी मागेपुढे करा. ओळख पटवण्यापुरता फोटो येतो. एरवी मोबाइलने पक्ष्याच्या मागे लागण्यापेक्षा खाडी, जाळी विणणारे हात, होडीत झोपलेला भाचा असे फोटो काढा. दहा वर्षांनी तेच जास्त बघितले जातात.

खारं पाणी आणि कोलंबीचे हात, कॅमेरा कसा सांभाळायचा?

घरातल्यांत आधीच वाटणी करा : आमिष लावणारा हात कॅमेऱ्याला लागणार नाही. कोलंबीचा वास रबरी पकडीत बसला की आठवडाभर जात नाही. खाऱ्या तुषारांवर कोरडं फडकं फिरवू नका, मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपा, मग कोरडं करा. होडीत लेन्स बदलू नका. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरेल.

परवानगी लागते का?

गावच्या खाडीत हौसेने गरी टाकताना सहसा कुणी विचारत नाही. पण जागा बघून घ्या. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा पद्मगड आणि त्याभोवतीचे खडक त्याच्या गाभा क्षेत्रात येतात, तिथे गळ काढू नका. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा समुद्रात नेण्याचा आग्रह होडीवाल्याला करू नये. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. तळहाताएवढी तांबोशी लागली तर फोटो काढा आणि ओल्या हाताने परत सोडा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

कांदळवन तोडणं गुन्हा आहे. गळ अडकला म्हणून चिप्पीची फांदी तोडायची नाही. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. ड्रोन घरी ठेवा, घारी आणि गरुड त्याच्यावर चाल करून जातात.

गळात किंवा तंगुसात (गळाच्या नायलॉन दोरीत) पक्षी अडकला तर?

तंगूस झटकन तोडून पक्ष्याला जाऊ देऊ नका. मागे लोंबणारा नायलॉन पुढच्या फांदीत अडकतो आणि पक्षी तिथेच लटकून मरतो. हळूहळू ओढून जवळ घ्या. टॉवेल टाकून आधी डोकं झाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. बगळा असेल तर चोच धरा, तो डोळ्यावर टोचतो. घार असेल तर पाय धरा. पंख अंगाला मिटवून, छातीवर दाब न देता धरायचं. गरीचं अणकुचीदार टोक बाहेर आलेलं असेल तर पक्कडीने त्याची उलटी नखी कापा आणि गरी आली त्या वाटेने मागे काढा. गिळलेली असेल तर हात लावू नका. खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

उरलेला तंगूस आणि शिशाचे तुकडे घरी परत न्या. धक्क्यावर टाकलेली तंगुसाची गुंडाळी तुतवाराच्या बोटांभोवती आवळत जाते आणि शेवटी पाऊल गळून पडतं. एका पायावर उड्या मारणारा तुतवार दिसला तर कारण बहुधा हेच असतं.

कुरवांना फरसाण घातलं की फोटो छान येतात ना?

येतात. तरी घालू नका. तळलेलं, खारट खाणं त्यांच्या पोटाला चांगलं नाही, आणि माणसामागे लागण्याची सवय लागते ती वेगळीच. मासा साफ करताना ते आपोआप जवळ येतात, तेव्हा काढा.

घरटं सापडलं तर?

मागे फिरा. समुद्री गरुड हिवाळ्यातच वीण करतो, म्हणजे नेमका तुमच्या सुट्टीत, आणि वर्षानुवर्षं त्याच उंच झाडावर परत येतो. माणसं झाडाखाली थांबली की तो घरट्यावरून उठतो आणि तेवढ्यात कावळे अंडी उचलतात. फोटो टाकलाच तर गाव, वाडी, नकाशातली खूण यातलं काही देऊ नका. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बाहेर काढणंही नको.

मुलं कंटाळतात, काय करावं?

त्यांना पक्ष्यांची नावं पाठ करायला लावू नका. प्रश्न द्या : कवड्या किती सूर मारतो आणि त्यातल्या कितीदा मासा घेऊन येतो? हे मोजणारं आठ वर्षांचं पोर तासभर हलत नाही. चिखलातल्या खेकड्यांचा एक चिमटा मोठा का, हेही त्यांना बघू द्या. खाऊ मात्र घरून भरपूर न्या. पाण्यावर भूक दुप्पट लागते आणि खाडीकाठी वडापावची गाडी नसते.

धोका कशाचा?

शेंगटी माशाच्या काट्याचा. तिच्या पाठीवर आणि कल्ल्यांजवळच्या परांवर विषारी काटे असतात, तिला नुसत्या हाताने गळातून काढू नका. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ उतरते. मग डॉक्टर. उथळ पाण्यात चालताना पाय घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेली पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होते. चिखलात एकट्याने उतरू नये, भरती पाठीमागून येते. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे काठावर पाय सोडून बसणं किंवा मासे पाण्यात धुणं नको.

पाणमांजर, डॉल्फिन दिसतात का?

नशीब असेल तर. पाणमांजरं पहाटे, खाडीच्या आतल्या शांत भागात, बहुधा टोळीने येतात. आधी पाण्यावर ओळीने डोकी दिसतात, मग शिट्टीसारखे आवाज येतात. खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर तिथे उद्या लवकर या. डॉल्फिन खाडीच्या मुखाशी आणि बाहेर दिसतात. होडीने त्यांच्यामागे धावायला लावू नका, इंजिन बंद करून थांबलात तर बऱ्याचदा स्वतःच जवळून जातात.

पक्ष्यांची यादी केली, आता ती कुठे द्यायची?

ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, मराठी नावांसह वापरता येतं. वेळ, जागा आणि किती जण बघत होते एवढं लिहिलं तरी नोंद उपयोगी पडते. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह गाठता येतो. त्यातला १२ तारखेचा दिवस पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्माचा. त्यांचं सुगरणीवरचं १९३० मधलं निरीक्षणही आपल्याच किनाऱ्यावर झालं, अलिबागजवळच्या किहीमला.

आणि मासाच मिळाला नाही तर?

हे बऱ्याचदा होतं. दापोलीकडे असाल तर संध्याकाळी हर्णै बंदरावरचा लिलाव गाठा. होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात उतरतात, वर घारी आणि कुरवांचा कल्ला असतो, फोटोला यापेक्षा चांगली जागा नाही. कोळणीचा फोटो काढण्याआधी विचारा, आणि विचारलंत तर तिच्याकडूनच मासे घ्या. घासाघीस पहिल्या भावाला करू नका, बाजूला कोण काय देतंय ते जरा ऐका. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण बर्फात ठेवलेली सुरमई खाडीत गळाला लागली असं कुणी मानणार नाही.